मृतांचें देणें

सतराव्या शतकांतील इंग्रजी ग्रंथ उघडला म्हणजे शीर्षकाच्या पानासमोर पुष्कळदां ग्रंथकाराचें चित्र आढळतें. चित्राखालीं चार-सहा ओळींचें पद्य असतें, आणि त्यांत ग्रंथकाराचें कुल, विद्या व कीर्ति यांची यथाशक्ति वाखाणणी असते. अशीं चित्रें तांब्याच्या पत्र्यावर कोरून देणारे कारागीर त्या काळच्या लंडन शहरांत बरेच होते. कलावंत या पदवीस पात्र असे त्यांत थोडे. शेक्सपीयरचा जो चेहरा आज शाळकरी पोरही ओळखतें, तो मार्टिन ड्रूशाउट यानें कोरला व १६२३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यासमोरच्या पानावर बेन जॉन्सननें वाचकांस सल्ला दिला आहे कीं, चित्राकडे पाहत न बसतां पुस्तकाकडे पाहा. मिल्टननें तर याहून कडी केली. १६४५ सालचा आंकडा असलेल्या त्याच्या कवितासंग्रहासाठीं विल्यम मार्शल यानें कोरलेलें चित्र त्याला मुळींच पसंत पडलें नाहीं. तेव्हां चित्राखालीं घालण्यासाठीं त्यानें ग्रीक भाषेंत चार ओळी रचून दिल्या, आणि त्यांत त्या चित्राच्या ओबडधोबडपणाची यथेच्छ थट्टा केली. मार्शलला ग्रीक येत नसावें. आपलीच निंदा त्यानें मोठ्या निगुतीनें तांब्यावर कोरून दिली!

अशा चित्रांच्या गर्दींत थॉमस सेसिल यानें कोरलेलें जॉन वीव्हर याचें १६३१ सालचें चित्र सहज नजरेंतून निसटावें असें आहे. वीव्हर हा कांहीं मोठा कवि नव्हे, आणि सेसिलही कांहीं मोठा चित्रकार नव्हे. वीव्हरचें वय त्या वेळीं पंचावन्न वर्षांचें होतें, म्हणजे प्रस्तुत लेखकाच्या वयाच्या आसपास; आणि आपल्या वयाच्या माणसाचें चित्र अंमळ अधिक निरखून पाहण्याची संवय वयाबरोबरच लागते. चित्राखालच्या चार ओळींत त्याची जन्मभूमि व त्याचें विद्यापीठ यांचा उल्लेख झाल्यावर त्याच्या अभ्यासाचा विषय सांगितला आहे, आणि तो विषय म्हणजे मृत्यु. कुलाची बढाई त्यांत नाहीं, कीर्तीची भाषा नाहीं. ज्या ग्रंथाच्या आरंभीं हें चित्र आहे त्याचें नांव 'एन्शंट फ्यूनरल मॉन्युमेंट्स', म्हणजे 'प्राचीन मृतस्मारकें', असें आहे. आठशेंहून अधिक पानांचा हा जाडजूड ग्रंथ मुख्यतः थडग्यांवरील लेखांचा संग्रह आहे.

वीव्हरचा जन्म १५७६ सालीं लँकेशायर परगण्यांत झाला. १५९४ सालीं तो केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजांत दाखल झाला, आणि १५९९ सालीं त्यानें आपला पहिला कवितासंग्रह प्रसिद्ध केला. त्यांत चुटकेवजा लहान लहान पद्यें आहेत. कांहीं खोचक, कांहीं खुशामतीचीं, बरींचशीं आज वाचवत नाहींत अशीं. एका पद्याला मात्र इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासांत स्थान मिळालें आहे, कारण तें शेक्सपीयरला उद्देशून लिहिलेलें आहे, आणि शेक्सपीयरच्या अगदीं पहिल्या स्तुतिपर पद्यांत त्याची गणना होते. गंमत अशी कीं, तें शेक्सपीयरच्याच सुनीताच्या घाटांत बसविलेलें आहे, आणि शेक्सपीयरचा सुनीतसंग्रह छापून निघाला तो पुढें दहा वर्षांनीं, १६०९ सालीं! १६०१ सालीं वीव्हरनें सर जॉन ओल्डकासल या पुरुषावर एक दीर्घ काव्य छापलें. त्याचा संबंध पुढें येणार आहे. त्यानंतर सुमारें तीस वर्षें या कवीनें नवें असें कांहीं छापलें नाहीं. एवढा काळ तो करीत काय होता? पुष्कळसा काळ तो थडगीं वाचीत होता.

हें वेड आपल्या वाचकांस थोडें विचित्र वाटण्याचा संभव आहे. आपल्यांपैकीं बहुतेकांच्या घरीं देह अग्नीच्या स्वाधीन करण्याची चाल. राखेवर नांव कोण लिहिणार? श्राद्धाच्या वेळीं पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा नामोच्चार होतो, आणि त्यापलीकडचे पितर हळूहळू नांव हरवून बसतात. त्याबद्दल कोणास फारसा विषाद वाटल्याचें ऐकिवांत नाहीं. मध्ययुगीन इंग्लंडांतील सधन माणसाला मात्र आपलें नांव दगडावर राहावें असें वाटे, आणि कीर्तीची हांव हें त्याचें एकच कारण नव्हतें. स्वर्गाच्या दारीं पोंचण्यापूर्वीं बहुतेक जीवांना शुद्धिलोकांत यातना भोगाव्या लागतात, आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनेनें त्या यातना हलक्या होतात, अशी त्या काळची श्रद्धा होती. म्हणून चर्चच्या फरशींत बसविलेल्या शिळेवर पितळेचा पत्रा जडवीत. पत्र्यावर मृताची आकृति कोरलेली असे, आणि तिच्या पायाशीं लॅटिन भाषेंत 'ओराते प्रो आनिमा' या शब्दांनीं सुरू होणारा लेख असे. अमक्याच्या आत्म्यासाठीं प्रार्थना करा, असा त्याचा अर्थ. ज्याला वाचतां येई त्यानें क्षणभर थांबावें, दोन शब्द पुटपुटावे आणि पुढें जावें, एवढीच अपेक्षा. तो लेख म्हणजे एक अर्ज होता. अर्जदाराला आतां बोलतां येत नव्हतें, म्हणून पितळेला बोलावें लागे.

सोळाव्या शतकांत राज्याचें धर्ममत बदललें आणि हे सारे अर्ज एका दमांत निकालांत निघाले. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत, १५३६ ते १५४० या चार-पांच वर्षांत, इंग्लंडांतील मठ मोडून त्यांची मालमत्ता जप्त करण्यांत आली. मृतांच्या प्रार्थनेसाठीं लोकांनीं लावून दिलेलीं उत्पन्नें त्याच्या मुलाच्या कारकीर्दींत, १५४७ सालच्या कायद्यानें, सरकारजमा झालीं. अशी प्रार्थना नुसती व्यर्थच नव्हे तर भोळ्या लोकांना नादीं लावणारी आहे, असें नव्या धर्मोपदेशकांचें मत पडलें. मग तशी प्रार्थना मागणारा पत्रा चर्चमध्यें ठेवायचा कशाला? पत्रे उखडले जाऊं लागले. धर्मनिष्ठेच्या जोडीला या कामांत आणखीही एक प्रेरणा होती: पितळेला बाजारांत चांगली किंमत येई. कित्येक पत्रे वितळले गेले. कित्येक उलटे करून त्यांच्या कोऱ्या पाठीवर नव्या गिऱ्हाइकाची आकृति कोरण्यांत आली. इंग्लंडांतील एखाद्या जुन्या चर्चमधला पत्रा दुरुस्तीसाठीं काढावा, आणि त्याच्या पाठीवर भलत्याच कोणाचें तरी नांव सांपडावें, असें अनेकदां घडलें आहे. एका मेलेल्या माणसाच्या पाठीला पाठ लावून दुसरा मेलेला माणूस शेंकडों वर्षें निजलेला, आणि एकाचीही दुसऱ्याशीं ओळख नाहीं!

हा प्रकार इतका वाढला कीं १५६० सालीं एलिझाबेथ राणीला जाहीरनामा काढून त्याला मनाई करावी लागली. त्या जाहीरनाम्यांत एक बारीक भेद केलेला आहे. पूजेसाठीं उभारलेली वस्तु निराळी, आणि मृताची आठवण पुढच्या पिढ्यांना राहावी म्हणून उभारलेली वस्तु निराळी. दुसरीला हात लावूं नये. वीव्हरनें हा जाहीरनामा आपल्या ग्रंथांत छापला आहे, आणि तें साहजिकच आहे, कारण त्याच्या सबंध उद्योगाचें समर्थन त्यांत आलेलें आहे. परंतु हा भेद कागदावर जितका स्पष्ट दिसतो तितका फरशीवर दिसत नव्हता. ज्या पत्र्यावर नांव, त्याच पत्र्यावर प्रार्थनेची विनंति. एक ठेवून दुसरी काढावी कशी? कांहीं ठिकाणीं लोकांनीं खरोखरच तेवढे विनंतीचे शब्द खरवडून काढले आणि बाकीचा लेख राहूं दिला. असे पत्रे आजही पाहावयास मिळतात. नांव आहे, तारीख आहे, आणि माणसाला जें सांगावयाचें होतें त्या जागीं ओरखडे आहेत.

या अवशेषांमागें वीव्हर गांवोगांव हिंडला. आपल्या प्रस्तावनेंत त्यानें एक अनुभव नमूद केला आहे, तो मोठा बोलका आहे. एखाद्या चर्चमध्यें तो जुना लेख उतरून घेत बसला असतां तेथील व्यवस्थापक मध्येंच येऊन त्याला थांबवीत; लेख उतरण्याचा परवाना आहे काय, असें विचारीत. परवाना कोठला असणार? ज्यांच्या डोळ्यांदेखत पत्रे उखडून नेले गेले त्या व्यवस्थापकांना पत्रा नुसता वाचणाऱ्या माणसाचा मात्र संशय येई! अधिकाऱ्यांचा हा स्वभाव कोणत्याही एका देशाची किंवा काळाची मिरास नसावी. निराश होऊन त्यानें हा नाद जवळजवळ सोडून दिला होता. इतक्यांत ऑगस्टिन व्हिन्सेंट या, वंशावळी व कुलचिन्हें यांचें दप्तर संभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची गांठ पडली. त्यानें धीर दिला आणि जुन्या दप्तरांचीं दारें उघडून दिलीं. सर रॉबर्ट कॉटन याच्या प्रसिद्ध ग्रंथसंग्रहाचाही वीव्हरला लाभ झाला. एवढी मदत होऊनही ग्रंथ निर्दोष उतरला नाहीं. सन व आंकडे उतरण्यांत त्यानें बऱ्याच चुका केल्या, आणि पुढच्या पिढींतील काटेकोर पंडितांनीं त्याबद्दल त्याला बोल लावले. रचनाही ऐसपैस आहे. असो, आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे.

ती गोष्ट ओल्डकासलसंबंधीं आहे. हा ओल्डकासल विक्लिफच्या अनुयायांपैकीं होता, आणि पाखंडी व राजद्रोही म्हणून १४१७ सालीं त्याला लंडनमध्यें टांगून जाळण्यांत आलें. पुढें प्रॉटेस्टंट लोकांनीं त्याला आपला हुतात्मा मानलें, आणि तरुण वीव्हरनें त्याच भावनेनें त्याच्यावर काव्य रचलें. आतां विक्लिफच्या अनुयायांनीं ज्या ज्या रूढींवर हल्ला चढविला त्यांत मृतांसाठीं करावयाच्या प्रार्थना अगदीं ठळक होत्या. अर्थात् पंचविसाव्या वर्षीं वीव्हरनें ज्या वीराचे गोडवे गाइले, त्याच्या पंथाला जे शब्द असह्य वाटत तेच शब्द पंचावन्नाव्या वर्षीं वीव्हरनें शेंकड्यांनीं छापले. 'प्रार्थना करा', 'देव त्याच्या आत्म्यावर दया करो', हीं वाक्यें त्यानें जशींच्या तशीं उतरलीं. आपल्या मतास न पटणारा भाग त्यानें खरवडून टाकला नाहीं. कोणी म्हणेल, म्हातारपणीं त्याचें मत पालटलें असेल. पण ग्रंथ वाचणारास तसें वाटत नाहीं. राजाच्या चर्चचा तो निष्ठावंत अनुयायी होता व तसाच राहिला. स्वतः जी प्रार्थना करणार नाहीं, तिची विनंति त्यानें दुसऱ्यांसाठीं नीट उतरून ठेविली.

येथें जो प्रश्न उभा राहतो तो दिसतो तितका सोपा नाहीं. जे शब्द खोटे आहेत अशी माझी प्रामाणिक समजूत आहे, ते जपून ठेवण्याचें कर्तव्य माझ्यावर येतें काय? आणि न जपले तर मी अपराध कोणाचा केला? मेलेल्याला तर कांहींच कळत नाहीं.

या प्रश्नाला एक रोखठोक उत्तर वीव्हरच्या मृत्यूनंतर बारा वर्षांच्या आंत मिळालें. राजा व पार्लमेंट यांचें युद्ध जुंपलें असतां, १६४३ सालच्या अखेरीस, सफक परगण्यांतील विल्यम डाउसिंग नांवाच्या गृहस्थास पार्लमेंटच्या बाजूच्या सेनापतीकडून अधिकारपत्र मिळालें, आणि केंब्रिजशायर व सफक या परगण्यांतील सुमारें अडीचशें चर्चें त्यानें एका वर्षाच्या आंत पालथीं घातलीं. रंगीत कांचा, मूर्ति, क्रूस आणि 'ओराते प्रो आनिमा' लिहिलेले पत्रे हीं त्याचीं लक्ष्यें. पार्लमेंटच्या आज्ञेंतही, ज्यांना कोणी संत मानीत नाहीं अशा मृतांच्या स्मारकांना हात लावूं नये, अशी सवलत होती. पण शब्दांचा संशय आला कीं ही सवलत डाउसिंगला आड येत नसे. डाउसिंग हा चोर नव्हता. तो पुस्तकें वाचणारा, टिपणें काढणारा, पापभीरु मनुष्य होता. त्यानें रोजनिशी लिहिली, आणि कोणत्या चर्चमध्यें किती चित्रें फोडलीं व किती लेख काढले याचा तींत चोख हिशेब ठेविला. वीव्हरच्या ग्रंथांत सफकमधील चर्चेंही आहेत. एकाच परगण्यांत, एका पिढीच्या अंतरानें, दोन माणसें वही घेऊन हिंडलीं. एकानें काय आहे तें लिहिलें. दुसऱ्यानें काय नाहींसें केलें तें लिहिलें. आजच्या संशोधकांस दोन्ही वह्या उपयोगीं पडतात, हा दैवाचा एक विनोदच म्हणावयाचा.

डाउसिंगची बाजू हलकी लेखणें बरोबर नाहीं. विहिरीचें पाणी विषारी आहे अशी ज्याची खात्री झाली आहे, त्यानें 'येथें पाणी प्या' ही विहिरीवरची पाटी तिच्या जुनेपणासाठीं जपून ठेवावी काय? ती जपणारा रसिक आणि काढणारा रानटी, असें आपण आज सहज म्हणून जातों, कारण ती विहीर आतां आपल्या वाटेवर नाहीं. आपल्या वाटेवरच्या पाट्यांविषयीं बोलण्याची पाळी आली म्हणजे आपल्यांतले बरेच जण डाउसिंगच्या पंक्तीला जाऊन बसतात. तेव्हां वीव्हरचा पक्ष घ्यावयाचा तर तो डाउसिंगच्या प्रामाणिकपणाला मान देऊनच घेतला पाहिजे.

माझ्या मतें डाउसिंगची चूक अशी कीं, पाटी व ठेव यांतील भेद त्याच्या लक्षांत आला नाहीं. पाटी सर्वांसाठीं असते, आणि ती लावणारा पाहिजे तेव्हां बदलूं शकतो. थडग्यावरचा लेख ही ठेव आहे. एका माणसानें जिवंतपणीं किंवा त्याच्या माणसांनीं त्याच्या मागें पैसा मोजून, कारागिराकडून कोरवून, ती आपल्यानंतर येणाऱ्या अनोळखी लोकांच्या हवालीं केलेली असते, आणि ती परत मागावयास तो येऊं शकत नाहीं. ज्याच्या घरीं ठेव आहे त्यानें ठेवीदाराचीं मतें पटवून घेतलींच पाहिजेत असें कोणी म्हणत नाहीं. परंतु मतें पटत नाहींत म्हणून त्यानें ती वितळविली तर त्याला आपण काय म्हणूं? ठेवीदार मेलेला आहे ही सबब तर अधिकच लाजिरवाणी, कारण तो मरणार हें धरूनच ती ठेवलेली होती.

दुसरें असें कीं, डाउसिंगनें एका माणसाचा अर्ज फेटाळला एवढेंच नव्हे, तर पुढें येणाऱ्या सर्वांच्या वतीनें फेटाळला. हा अधिकार त्याला कोणीं दिला? प्रॉटेस्टंट इंग्लंड मृतांसाठीं पुन्हां कधीं प्रार्थना करणार नाहीं, असें त्याला निश्चित वाटत असणार. पण एकोणिसाव्या शतकांत त्याच चर्चमधील एका पक्षानें ती जुनी चाल उचलून धरली. आणि १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत घरोघर मुलें मारलीं गेलीं तेव्हां इंग्लंडच्या चर्चमध्यें मृतांसाठीं उघड उघड प्रार्थना होऊं लागल्या. सिद्धान्त चुकीचा होता कीं बरोबर, हा वाद मी करीत नाहीं. फ्रान्सच्या चिखलांत मुलगा गाडला गेलेल्या आईला जुन्या पितळी पत्र्यावरचे ते दोन शब्द कळले असते, एवढेंच मला म्हणावयाचें आहे. डाउसिंगनें ते तिच्यासाठीं शिल्लक ठेवले नव्हते.

वीव्हरच्या पक्षावर दोन आक्षेप मात्र येतात, आणि ते दोन्ही मला खरे वाटतात. पहिला असा: पितळेचा पत्रा करवून घेण्याची ऐपत कितीकांची होती? सरदार, धर्माधिकारी, लोंकरीचे व्यापारी, त्यांच्या बायका. फार तर एखादा सुखवस्तु शेतकरी. ज्यांनीं तीं चर्चें बांधलीं, ज्यांनीं त्या लोंकरीचीं मेंढरें राखलीं, ते बाहेरच्या गवतांत गाडले गेले आणि त्याच जागीं पुढें दुसरे गाडले गेले. वीव्हरला याचें दुःख नव्हतेंच, उलट तें त्याला योग्य वाटे. माणसाच्या पदवीप्रमाणें त्याचें थडगें असावें, आणि सामान्य रयतेला थडगें, शिळा किंवा लेख यांतलें कांहींच नसावें, असें त्यानें आपल्या ग्रंथांत स्वच्छ लिहिलें आहे. हें वाक्य वाचलें म्हणजे त्याच्याविषयींचा आदर क्षणभर डळमळतो. ठेव संभाळणाऱ्या या माणसानें ज्यांच्याजवळ ठेवावयास कांहींच नव्हतें त्यांच्याकडे पाहिलें नाहीं. ज्याची ठेव नाहीं त्याचें देणें नाहीं, असा व्यापारी हिशेब मृतांच्या बाबतींत चालत नाहीं. पण तें देणें फेडावयाचें कसें, हें वीव्हरच्या ग्रंथावरून कळत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. मृतानें मागितली होती प्रार्थना. वीव्हरनें त्याला दिला कागद. हा प्रामाणिकपणा म्हणावा कीं उपेक्षा? भुकेल्याचा अर्ज सुवाच्य अक्षरांत उतरून दप्तरीं लावणाऱ्या कारकुनासारखेंच हें झालें नाहीं काय? पुराणवस्तूंच्या शोधकांविषयीं सामान्य माणसाला जी अढी असते तिचें मूळ येथें आहे. जें एकेकाळीं कळवळून बोललेलें होतें तें त्यांच्या हातीं नमुना होऊन पडतें. यावर मला एवढेंच सांगतां येतें कीं, ज्याच्यावर विश्वास नाहीं ती प्रार्थना वीव्हरनें नुसत्या ओठांनीं म्हटली असती तर त्यांत मृताचा अपमान अधिक झाला असता. जें आपणांस देतां येत नाहीं तें मागणाऱ्याचा आवाज बंद न पाडणें, ही लहानशी गोष्ट आहे; पण इतिहास पाहतां ती करणारे लोक थोडे निघतात.

या ठिकाणीं पुन्हां सेसिलच्या चित्राकडे वळावेंसें वाटतें. घोटून गुळगुळीत केलेल्या तांब्याच्या पत्र्यावर पोलादी कोरणीनें रेघा खणावयाच्या, रेघांत शाई भरून वरचा पत्रा पुसून लख्ख करावयाचा, त्यावर ओलसर कागद घालून तो दोन रुळांमधून दाबून काढावयाचा: चित्र उमटविण्याची त्या काळची रीत ही अशी. थडग्यावरचा पितळी पत्राही कोरलेलाच असे. फरक इतकाच कीं, थडग्याचा पत्रा स्वतःच वाचावयाचा म्हणून तो सुलटा कोरीत. छापावयाचा पत्रा दुसऱ्यासाठीं, म्हणून तो उलटा. आपल्याकडील राजांनीं भूमिदानें ताम्रपटावर कोरवून दिलीं तीं आचंद्रार्क टिकावीं म्हणून, आणि दान हिरावून घेणारास शेवटीं शाप लिहून ठेवला. इंग्लंडांतील लोकांनींही त्याच भरंवशानें पितळ निवडलें असणार. पण धातूचा टिकाऊपणा हाच धातूचा शत्रु ठरला, कारण ज्याला किंमत येते तें चोरीस जातें. कागद उंदीर खातात, पाण्यानें कुजतो, ठिणगी पडली कीं संपतो; मात्र त्याचीं शेंकडों भावंडें निरनिराळ्या घरीं नांदत असतात. १६६६ सालच्या आगींत लंडनचें सेंट पॉल चर्च व आणखी सत्त्याऐंशीं चर्चें जळालीं. सेंट पॉलमधील स्मारकांपैकीं जॉन डन या कवीची कफन पांघरलेली मूर्ति तेवढी बव्हंशीं शाबूत राहिली. त्या चर्चांतील कित्येक थडग्यांचे शब्द आज वाचावयास मिळतात ते पस्तीस वर्षें आधीं वीव्हरनें छापून ठेवले म्हणून.

खुद्द वीव्हरच्या वांट्यास काय आलें? ग्रंथ निघाल्यानंतरच्या वर्षीं, १६३२ सालीं, तो लंडनमध्यें वारला, आणि राहत्या घराजवळच्या क्लार्कनवेलच्या सेंट जेम्स चर्चमध्यें त्याला पुरलें. त्याच्या थडग्यावरील पद्य जॉन स्टोच्या लंडनवर्णनाच्या १६३३ सालच्या आवृत्तींत छापलें गेलें. तें जुनें चर्च अठराव्या शतकाच्या अखेरीस पाडून त्या जागीं नवें बांधण्यांत आलें, आणि वीव्हरचा दगड नाहींसा झाला. त्याचीं हस्तलिखित टिपणें मात्र लंडनच्या 'सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज' या संस्थेच्या संग्रहांत आहेत. कँटरबरी, रॉचेस्टर, लंडन आणि नॉरिच, एवढ्या चारच धर्मप्रांतांपर्यंत ग्रंथ पोंचला होता. बाकीचे पुढें घ्यावयाचे होते. त्या टिपणांत एका पानावर स्ट्रॅटफर्ड गांवच्या चर्चमधील दोन लेख उतरून घेतलेले आहेत, एक भिंतीवरच्या स्मारकाचा व दुसरा खालच्या शिळेचा, आणि हा प्रसिद्ध कवि शेक्सपीयर, अशा अर्थाची खूण समासांत केलेली आहे. स्ट्रॅटफर्ड वुस्टरच्या धर्मप्रांतांत येत असे. वुस्टरची पाळी आलीच नाहीं.